स्टॅमफर्डची पांथशाळा

इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकनशायर नावाचा परगणा आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, वेलंड नदीच्या काठी, स्टॅमफर्ड हे बाजाराचे गाव वसले आहे. गाव फार मोठे नाही. परंतु चुनखडीच्या पिवळसर दगडांनी बांधलेली त्याची घरे, चढउताराचे अरुंद रस्ते आणि चर्चचे उंच मनोरे पाहून नवखा प्रवासी क्षणभर थबकतो. लंडनच्या बाजूने गावात शिरताना, नदीवरील पुलाच्या अलीकडे, त्याला एक चमत्कारिक दृश्य दिसते. रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या डोक्यावरून, एक लांबलचक लाकडी तुळई आडवी गेलेली आहे. तिच्यावर ‘जॉर्ज’ हे नाव आहे. ही तुळई म्हणजे एका जुन्या पांथशाळेची पाटी होय.

दोन बाजूंना आधार आणि वर आडवे लाकूड, ही आकृती पाहून पूर्वीच्या लोकांना फाशीच्या खांबांची आठवण होई. त्यावरून एक कथाही रूढ झाली. सरळमार्गी वाटसरूंनी निर्धास्तपणे आत यावे, आणि वाटमाऱ्यांनी मात्र आपले पुढे काय होणार आहे ते ओळखून असावे, असे ही पाटी सांगते म्हणे! कथा मनोरंजक आहे; पण पाटी आडवी लावण्याचे एक साधे कारण सहज ध्यानात येते. पाटी रस्त्यावर आडवी असली म्हणजे थकल्याभागल्या प्रवाशाला ती दुरूनच दिसते, आणि आता आपण मुक्कामावर आलो या विचाराने त्याला धीर येतो.

पांथ म्हणजे वाटसरू. वाटसरूंनी उतरण्याचे ठिकाण ते पांथशाळा. इंग्रज लोक तिला ‘इन’ म्हणतात. आपल्याकडील धर्मशाळा आणि इंग्लंडमधील पांथशाळा यांत एक मोठा फरक आहे. धर्मशाळा एखाद्या दानशूर गृहस्थाने पुण्यकर्म म्हणून बांधलेली असते. पांथशाळा हा मात्र व्यवसाय असे. तेथे पैसे देऊन जेवण मिळे, रात्रीपुरती खोली मिळे, घोड्याला दाणावैरण मिळे, आणि पुढच्या प्रवासासाठी ताजे घोडेही भाड्याने मिळत. त्यामुळे रस्त्यावर वर्दळ असली तर पांथशाळेला बरकत येई, आणि वर्दळ थांबली तर तिच्या चुली थंड पडत. जॉर्ज पांथशाळेचा इतिहास म्हणजे या एका गोष्टीचाच इतिहास आहे.

ज्या रस्त्यावर ही पांथशाळा उभी आहे, त्याला ‘ग्रेट नॉर्थ रोड’ म्हणजे उत्तरेचा महामार्ग असे नाव होते. लंडनहून निघून यॉर्क शहरावरून तो थेट स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे जाई. राजे, सरदार, सैनिक, व्यापारी, विद्यार्थी, गुरांचे कळप हाकणारे गुराखी, असे सर्व प्रकारचे लोक या रस्त्याने जात-येत असत. लंडनपासून यॉर्क सुमारे २०० मैल, आणि लंडनपासून स्टॅमफर्ड सुमारे ९० मैल. म्हणजे स्टॅमफर्ड हे या वाटेच्या जवळजवळ मध्यावर येते. १७०६ साली लंडन व यॉर्क यांच्या दरम्यान धावणाऱ्या एका घोडागाडीची जाहिरात प्रसिद्ध झाली होती. ‘ईश्वराची इच्छा असेल तर’ चार दिवसांत प्रवास पुरा करू, असे तीत म्हटले होते. यॉर्कपासून स्टॅमफर्डपर्यंत दोन दिवस, आणि स्टॅमफर्डपासून लंडनपर्यंत दोन दिवस! दोन दिवस गाडीत हिसके खाऊन शरीर खिळखिळे झालेल्या प्रवाशाला येथील पांथशाळेचा दिवा दिसला म्हणजे किती हायसे वाटत असेल, याची कल्पनाच करावी.

गाव स्वतःही काही कमी महत्त्वाचे नव्हते. सुमारे १,१०० वर्षांपूर्वी डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांनी इंग्लंडचा बराच भाग जिंकला, तेव्हा त्यांच्या पाच प्रमुख ठाण्यांमध्ये स्टॅमफर्डची गणना होत असे. पुढे मध्ययुगात येथील लोकरीचे कापड दूरदूरच्या देशांत नावाजले गेले. गावात दर शुक्रवारी बाजार भरे, आणि तो आजही भरतो. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी धान्य, लोकर, लोणी, कोंबडी घेऊन येत. सौदे ठरत, उधारी चुकती होई, आणि दूरच्या बातम्या एकमेकांच्या कानांवर पडत. या सर्व देवघेवीला पांथशाळेचा ओसरीसारखा उपयोग होई.

आज जॉर्जची जी इमारत दिसते, तिच्या मुख्य भागाचे बांधकाम १५९७ साली झाले. ते करविणारा पुरुष साधासुधा नव्हता. विल्यम सेसिल, म्हणजेच लॉर्ड बर्ली, हा राणी पहिली एलिझाबेथ हिचा प्रमुख सल्लागार होता. सुमारे ४० वर्षे त्याने राणीच्या राज्याचा गाडा हाकला. त्याचा बर्ली नावाचा भव्य वाडा स्टॅमफर्डपासून जवळच आहे. गावच्या वेशीवर चांगली पांथशाळा असणे हे गावाच्या आणि आपल्या जहागिरीच्या हिताचे आहे, हे त्या चतुर मुत्सद्द्याला कळत असले पाहिजे. त्याच्याही पूर्वी, मध्ययुगात, या जागी धर्मयात्रेस निघालेल्या लोकांना आसरा देणारे एक धार्मिक गृह होते, असे परंपरेने सांगतात. तसे असेल तर, ज्या जागी एके काळी ईश्वराच्या नावाने आसरा मिळे, त्याच जागी पुढे पैसे देऊन तो मिळू लागला!

पांथशाळेला ‘जॉर्ज’ हे नाव सेंट जॉर्ज या संताच्या नावावरून पडले. हा संत इंग्लंडचा रक्षक मानला जातो. घोड्यावर बसून भाल्याने अजस्र सर्पाला मारणारा वीर, अशी त्याची चित्रे असतात. त्या काळी बहुसंख्य लोकांना लिहितावाचता येत नसे. म्हणून पांथशाळांना ‘पांढरा हरिण’, ‘काळा हंस’, ‘देवदूत’ अशी चित्रात दाखवता येतील अशी नावे देत. ज्याला अक्षर कळत नाही, त्यालाही चित्र कळे.

अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडमधील रस्ते अतिशय वाईट होते. पावसाळी दिवसांत गाड्यांची चाके आसापर्यंत चिखलात रुतत. पुढे पार्लमेंटने निरनिराळे कायदे करून ठिकठिकाणी पथकराची नाकी उभारण्यास परवानगी दिली. गाड्यांकडून कर घ्यावा आणि त्या पैशांतून रस्ता दुरुस्त करावा, अशी ती योजना होती. त्यानंतर जॉन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाने बारीक फोडलेल्या खडीचे थर दाबून पक्के रस्ते करण्याची रीत प्रचारात आणली. रस्ते सुधारले, तसा गाड्यांचा वेगही वाढला. १७८४ साली जॉन पामर याच्या योजनेप्रमाणे टपाल नेणाऱ्या वेगवान गाड्या सुरू झाल्या, आणि दोनच वर्षांत त्या उत्तरेच्या महामार्गानेही धावू लागल्या. ज्या यॉर्कला जाण्यास १७०६ साली चार दिवस लागत, तेथे १८३० नंतरच्या काळात प्रवासी सुमारे २० तासांत पोहोचू लागले.

हा काळ म्हणजे जॉर्ज पांथशाळेच्या वैभवाचा काळ होय. लंडनकडे जाणाऱ्या २० आणि उत्तरेकडे जाणाऱ्या २०, अशा दिवसाकाठी ४० गाड्या तेथे थांबत, असे सांगतात. पांथशाळेच्या दर्शनी भागातच प्रवाशांसाठी दोन खोल्या केलेल्या होत्या. एकीवर ‘लंडन’ आणि दुसरीवर ‘यॉर्क’ अशी नावे होती. दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी पहिल्या खोलीत बसावे, उत्तरेकडे जाणाऱ्यांनी दुसऱ्या खोलीत. आजच्या रेल्वे स्थानकावर जशा निरनिराळ्या गाड्यांसाठी निरनिराळ्या फलाटांवर पाट्या असतात, तशीच ही व्यवस्था होती.

टपालाच्या गाडीचे आगमन हा मोठा पाहण्यासारखा प्रसंग असे. गाडी दृष्टीस पडण्यापूर्वीच रखवालदाराच्या शिंगाचा आवाज कानी येई. तो ऐकताच मोतद्दार पागेतून ताज्या दमाचे चार घोडे साज चढवून बाहेर आणत. गाडी थांबते न थांबते तोच घामाने भिजलेले घोडे सोडून नवे जोडले जात. हे सर्व काम काही मिनिटांत उरके. चपळ मोतद्दार तर एका मिनिटातही ते करीत. रखवालदाराजवळ टपालाच्या थैल्या, लुटारूंपासून रक्षणासाठी बंदूक आणि पिस्तुले, तसेच एक कुलूपबंद घड्याळ असे. गाडी कोठे किती वाजता पोहोचली याची नोंद त्याला ठेवावी लागे, आणि उशीर झाल्यास जाब द्यावा लागे. टपालाच्या गाडीला पथकर माफ होता. शिंग वाजताच नाकेदाराने फाटक उघडून बाजूला व्हायचे, असा नियम होता.

ज्या गाड्या जेवणासाठी थांबत, त्यांतील प्रवाशांची फारच धांदल उडे. जेवणास जेमतेम २० मिनिटे मिळत. वाढलेले सार इतके कढत असे की, ते निवेपर्यंत शिंग वाजे आणि प्रवाशाला अर्धपोटी उठावे लागे. गाडीच्या आत बसणाऱ्यांचे त्यातल्या त्यात बरे असे. ज्यांच्याजवळ पैसे कमी, ते निम्म्या भाड्यात गाडीच्या टपावर बसत. ऊन, पाऊस, बर्फ, सर्व त्यांच्या अंगावर. कडक हिवाळ्यात टपावरील प्रवासी थंडीने गारठून मेल्याच्या घटनाही इंग्लंडमध्ये घडल्या आहेत. अशा माणसांना पांथशाळेतील धगधगत्या शेकोटीचे मोल किती असेल, हे निराळे सांगावयास नको.

या वेगाची किंमत सर्वांत अधिक कोणी दिली असेल, तर ती घोड्यांनी. लंडन ते एडिंबरो हे अंतर सुमारे ४०० मैल. दर दहा मैलांना चार घोडे बदलायचे, म्हणजे एका खेपेस सुमारे १६० घोडे लागत. हे घोडे बहुधा वाटेवरील पांथशाळांचे मालक पुरवीत. वेगाच्या गाडीला जुंपलेला घोडा तीन-चार वर्षांतच निकामी होई. प्रवासी वेळेवर पोहोचल्याचा आनंद मानीत. पण मागे पागेत धापा टाकीत उभ्या असलेल्या त्या मुक्या प्राण्यांकडे पाहण्यास फार थोड्यांना सवड असे.

जॉर्ज पांथशाळेच्या दालनात एका विलक्षण माणसाचे चित्र आहे. त्याचे नाव डॅनियल लँबर्ट. हा लेस्टर गावच्या तुरुंगाचा अधिकारी होता. तो स्वभावाने दयाळू होता, उत्तम पोहणारा होता आणि गावातील मुलांना पोहायला शिकवीत असे. परंतु त्याचे शरीर अतोनात वाढत गेले, आणि शेवटी त्याचे वजन ७३९ पौंड, म्हणजे सुमारे ३३५ किलो झाले. लंडनला जाण्यासाठी त्याला स्वतंत्र गाडी बनवून घ्यावी लागली होती. १८०९ साली घोड्यांच्या शर्यतींच्या निमित्ताने तो स्टॅमफर्डला आला असता, तेथील दुसऱ्या एका पांथशाळेत त्याला मृत्यू आला. शव बाहेर काढण्यासाठी भिंत फोडावी लागली, आणि शवपेटीला चाके लावावी लागली. त्याची कबर त्याच गावात आहे. लोक त्याला पाहण्यासाठी पैसे मोजत. पण ज्यांनी त्याच्याशी चार शब्द बोलून पाहिले, त्यांना त्याच्या देहापेक्षा त्याचे शहाणपण अधिक लक्षात राहिले.

वैभवाच्या या दिवसांत एक नवा आवाज हळूहळू जवळ येत होता. १८३० साली लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या दरम्यान वाफेच्या इंजिनाची रेल्वे सुरू झाली. १८४० साली लंडनहून यॉर्कला आगगाडीने जाता येऊ लागले. ज्या प्रवासाला घोडागाडीने एक दिवस आणि एक रात्र लागे, तो आता सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्यात होऊ लागला. शिवाय डोक्यावर छप्पर. मग टपावर बसून थंडीत कुडकुडण्यास कोण तयार होणार? एकामागून एक गाड्या बंद पडल्या. १८४६ साली लंडनहून निघणारी शेवटची टपालगाडीही थांबली. स्टॅमफर्डला १८४६ साली रेल्वे आली खरी, पण ती आडमार्गाची. १८५२ साली लंडनहून उत्तरेला जाणारा मुख्य लोहमार्ग पुरा झाला, तो पीटरबरो आणि ग्रँटम या गावांवरून गेला. स्टॅमफर्ड बाजूलाच राहिले.

जॉर्जच्या अंगणात आता शिंगाचा आवाज येईना. घोड्यांच्या पागा ओस पडल्या. मोतद्दार, गाडीवान, रखवालदार, लोहार, साज शिवणारे कारागीर, दाणावैरण विकणारे शेतकरी, या सर्वांची पोटे त्या रस्त्यावर अवलंबून होती. ज्याने उभा जन्म चार घोड्यांचे लगाम हाती धरण्यात घालविला, त्याने उतारवयात दुसरे कोणते काम शिकावे? देशाचा प्रवास सुलभ झाला, माल स्वस्त झाला, गरिबांनाही दूरचे नातलग भेटू लागले. हे सर्व खरे. परंतु या सुधारणेचा भार कोणाच्या तरी संसारावर पडला, हेही तितकेच खरे. उत्तरेच्या महामार्गावरील कित्येक पांथशाळा या काळात कायमच्या बंद झाल्या. रस्त्यावर गवत वाढले.

जॉर्ज मात्र तग धरून राहिली. गावचा बाजार चालू होता, शेतकरी येत होते, आसपासच्या सरदारांच्या मेजवान्या होत होत्या. पूर्वीचा डौल गेला. पण चूल विझली नाही. आणि येथे दैवाने एक गंमत केली. मुख्य लोहमार्ग दूर राहिल्यामुळे स्टॅमफर्डमध्ये मोठे कारखाने आले नाहीत, दाट वस्ती झाली नाही, जुनी घरे पाडून नवी बांधण्याची कोणाला गरज वाटली नाही. ज्या उपेक्षेचे गावाला दुःख होते, त्या उपेक्षेनेच त्याचे रूप राखले.

विसाव्या शतकात मोटारी आल्या, आणि विसरलेला रस्ता पुन्हा जागा झाला. ज्या तुळईखालून एके काळी टपालाच्या गाड्या गेल्या, तिच्याखालून आता मोटारी आणि मालाचे अवजड ट्रक जाऊ लागले. पांथशाळेला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. पण अरुंद रस्त्यांत इतकी गर्दी होऊ लागली की, जुन्या घरांच्या भिंती हादरू लागल्या. अखेर १९६० साली गावाला वळसा घालून नवा रस्ता काढण्यात आला. आता पुन्हा पांथशाळा ओस पडेल की काय, अशी भीती वाटण्यासारखी स्थिती होती. तसे झाले नाही. पूर्वी लोक रस्त्यासाठी स्टॅमफर्डला येत आणि वाटेत जॉर्जमध्ये उतरत. आता ते स्टॅमफर्डसाठीच येऊ लागले. १९६७ साली संपूर्ण गावठाणाला संरक्षण देण्याचा नवा कायदा इंग्लंडमध्ये झाला, तेव्हा त्याचा पहिला मान स्टॅमफर्डलाच मिळाला. पुढे एका जुन्या कादंबरीवरील मालिकेसाठी एकोणिसाव्या शतकातील गाव दाखवावयाचे होते, तेव्हा चित्रण करणारेही येथेच आले.

आज जॉर्ज हे एक नामांकित हॉटेल आहे. विजेचे दिवे आहेत, पागांच्या जागी मोटारी उभ्या राहतात. तरी ‘लंडन’ आणि ‘यॉर्क’ ही नावे त्या दोन खोल्यांवर अजून आहेत, आणि ती आडवी तुळई अजून रस्त्यावर पसरलेली आहे. राजे गेले, घोडे गेले, शिंगे वाजविणारे गेले. रस्त्याने या घराला दोन वेळा सोडले आणि पुनःपुन्हा नव्या रूपाने त्याच्याकडे वळविले. या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट बदलली नाही. दिवसभर चालून, घोड्यावर बसून किंवा मोटार हाकून माणूस दमतो. संध्याकाळी त्याला प्रकाश, ऊब आणि दोन घास हवे असतात. ही गरज जोवर आहे, तोवर पांथशाळेचे दार उघडे राहील.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) धर्मशाळा आणि पांथशाळा यांत कोणता फरक आहे?
(आ) ‘लंडन’ व ‘यॉर्क’ ही नावे खोल्यांना का दिली होती?
(इ) पांथशाळांना चित्रात दाखवता येतील अशी नावे का देत?

२. कारणे सांगा.
(अ) १८४० नंतर जॉर्जच्या पागा ओस पडू लागल्या.
(आ) स्टॅमफर्डची जुनी घरे टिकून राहिली.

३. ‘या सुधारणेचा भार कोणाच्या तरी संसारावर पडला’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा. तुमच्या गावी नवे यंत्र किंवा नवा रस्ता आल्यामुळे कोणाचा फायदा झाला आणि कोणाचा धंदा बसला, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.

४. खालील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मोतद्दार, वाटमारे, वर्दळ, तग धरणे, चूल थंड पडणे.

५. टपालाची गाडी पांथशाळेत येते त्या प्रसंगाचे वर्णन मोतद्दाराच्या शब्दांत लिहा.